मागच्या चाकाचा तुंबा

घरातली माणसे वृद्ध होतात, तशा त्यांच्या वस्तूही त्यांच्याबरोबर वृद्ध होत जातात. हातातली काठी, बसण्याची आरामखुर्ची, पहाटेचा रेडिओ. त्यांतली एखादी वस्तू मोडली की आपण सांभाळणारी माणसे चटकन नवी आणून देतो. हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या वस्तूशी शरीराचा पन्नास वर्षांचा सराव जुळलेला असतो, तिची जागा नवी वस्तू सहजासहजी घेत नाही. आज आपल्याशी बोलायचे आहे ते अशाच एका वस्तूच्या एका लहानशा भागाविषयी. तो भाग म्हणजे जुन्या शर्यतीच्या सायकलच्या मागच्या चाकाचा हब. बैलगाडीच्या चाकात ज्याला तुंबा म्हणतात, तोच. आरोग्याच्या पाक्षिकात सायकलचा सुटा भाग कशाला, असे आपल्या मनात येईल. परंतु आमच्या घरी कंपवाताने अडखळलेल्या दोन पायांची हालचाल गेले वर्षभर या भागावर अवलंबून राहिली आहे.

माझे यजमान पंचाहत्तर वर्षांचे आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचे आयुष्य गेले. तरुणपणी ते सायकलच्या शर्यतींत उतरत. बोरघाट सायकलवरून चढण्याच्या त्यांच्या आठवणी आमच्या घरात सर्वांना पाठ आहेत. त्यांची सायकल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची. १९७० साली पुण्याच्या कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. पोलादी सांगाडा, खाली वळलेले हँडल, २७ इंची चाके आणि मागे पाच गिअर. आठ वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले, आणि काही काळाने सायकल जिन्याखाली गेली.

कंपवात म्हणजे केवळ हाताची थरथर, असा पुष्कळांचा समज असतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून त्याचे नाव थरथरीशी जोडले गेले हे खरे. प्रत्यक्षात मेंदूतील डोपामाइन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि मग हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, तोल जातो. यजमानांना सर्वांत अधिक छळले ते पाय खिळण्याने. चालता चालता दाराच्या चौकटीशी आले की पावले जमिनीला चिकटल्यासारखी होत. वरचे शरीर पुढे जाऊ पाहते आणि पाय जागचे हलत नाहीत. पडण्याची भीती असते ती इथेच. घरात असा रुग्ण असलेल्या वाचकांना त्या क्षणाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

अशा माणसाला सायकलचे नाव तरी काढू द्यावे काय? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधताना नेदरलँड्समधील नायमेगेनच्या डॉक्टरांनी नोंदवलेली एक हकीकत आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितली. २०१०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. अठ्ठावन्न वर्षांचा एक रुग्ण. दहा वर्षांचा कंपवात. आधाराशिवाय चार पावलेही धड टाकता येत नाहीत. हा गृहस्थ सायकलवर बसवून दिल्यावर सहज तोल सांभाळून चालवू लागला, वळला, परत आला. आणि खाली उतरताच त्याचे पाय पुन्हा खिळले. चालणे आणि पायडल मारणे ही मेंदूच्या दृष्टीने वेगळी कामे असावीत, किंवा फिरत्या पायडलमुळे पायांना बाहेरून एक ताल मिळत असावा, असा त्यामागचा तर्क आहे. पुढे त्याच देशात १३० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या सौम्य अवस्थेतील ज्या रुग्णांनी सहा महिने घरीच, जागेवर उभ्या असलेल्या सायकलवर, आठवड्यातून तीन वेळा अर्धा ते पाऊण तास व्यायाम केला, त्यांची हालचालींची लक्षणे केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत कमी बिघडली.

आमच्या डॉक्टरांनी याचा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितला. रस्त्यावर सायकल नाही, हा पहिला नियम. आपल्या रहदारीत तर मुळीच नाही. घरात, जागेवर घट्ट उभ्या केलेल्या सायकलवर, कोणी तरी जवळ असताना चालवायला हरकत नाही. सायकलने आजार बरा होत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले.

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने आठ दिवसांत व्यायामाची नवी सायकल घरी पाठवली. यंत्र वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. रुंद बैठक, खालून पाय घालून बसण्याची सोय, समोर आकडे दाखवणारा पडदा. अनेक घरांत तीच सर्वांत सोयीची आणि सुरक्षित ठरते. यजमान त्यावर तीन दिवस बसले, दर वेळी चार-पाच मिनिटे, आणि मग बसेनासे झाले. त्यांना आळशी म्हणणे सोपे होते. परंतु उदासीनता, कशातच मन न लागणे, हे या आजाराचेच एक लक्षण आहे. ते स्वभावात शोधू नये, असे डॉक्टरांनी आम्हांला आधीच बजावले होते. एके दिवशी ते म्हणाले, “अगं, माझी सायकल त्या स्टँडवर नाही का लावता येणार?” कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

स्टँड म्हणजे सायकलवाले ज्याला ट्रेनर म्हणतात तो. त्यात सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाची दोन्ही टोके दोन वाट्यांमध्ये आवळून धरली जातात आणि चाक एका रुळावर टेकून जागच्या जागी फिरते. म्हणजे सायकलचा आणि बसणाऱ्या माणसाचा पुष्कळसा भार त्या आसावर येतो. म्हणून सायकल जिन्याखालून काढून पेठेतल्या एका मिस्त्रींकडे तपासायला नेली. साठी ओलांडलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. त्यांनी चाक फिरवले, कान लावला, मग चिंधीने हब पुसला आणि बोट ठेवले. हबच्या चकतीला, दोन आऱ्यांच्या भोकांच्या मधोमध, केसाएवढी रेघ होती. “काका, ही रेघ नाही, चीर आहे. छर्रे बदलता येतात, कोन बदलता येतो, आस बदलता येतो. चकती तडकली की हब संपला.”

इथे हबची रचना थोडक्यात सांगायला हवी, म्हणजे पुढचा शोध समजेल. हब हा चाकाच्या मध्यातला पोकळ नळा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चकत्या असतात आणि त्यांच्या भोकांतून आरे निघून रिमला जातात. नळ्याच्या आत दोन्ही टोकांना वाट्या, वाट्यांत ग्रीसमध्ये बसलेले छर्रे, आणि छर्ऱ्यांवर टेकणारे, आसावर आट्यांनी बसवलेले दोन कोन. जुन्या सायकलींत मागच्या चाकाला बहुधा पाव इंची छर्रे असतात, एका बाजूला नऊ. उजव्या टोकाला बाहेरून आटे असतात आणि त्यांवर फ्री व्हील चढते. एवढ्याशा वस्तूत इतकी मापे दडलेली असतात, आणि त्यांतले एक जरी चुकले तरी नवा हब जुन्या सायकलला बसत नाही.

मापे घेण्याचे काम मी यजमानांवर सोपवले. कपाटाच्या तळातून त्यांचा व्हर्नियर निघाला. कंपवाताची थरथर बहुधा हात विसाव्यात असताना अधिक असते. हाताला काम दिले की ती काहीशी ओसरते. ती गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पाहिली. मांडीवर थरथरणारा हात व्हर्नियर धरताच शांत झाला. अक्षर मात्र ओळीगणिक बारीक होत गेले, तेही या आजाराचेच लक्षण. तेव्हा नातीची दुरेघी वही आणली आणि त्यांनी दोन रेघांमध्ये मोठ्या अक्षरांत मापे लिहिली.

पहिले माप आऱ्यांच्या भोकांचे. आजच्या बहुतेक सायकलींच्या मागच्या चाकाला ३६, ३२ किंवा त्याहून कमी आरे असतात. जुन्या इंग्लिश सायकलींना मात्र पुढे ३२ आणि मागे ४०. रिम ठेवायची तर हबही चाळीस भोकांचाच हवा. दुसरे माप मागच्या दोन खाचांमधल्या अंतराचे, जिथे आस बसतो. पाच गिअरच्या जुन्या सायकलींत ते साधारण १२० मिलिमीटर. पुढे १२६ झाले आणि नंतरच्या शर्यतीच्या सायकलींत १३०. पोलादी सांगाडा ताणून रुंद करता येतो, परंतु साठ वर्षांच्या सांगाड्यावर तो प्रयोग करायला मिस्त्री तयार नव्हते. तिसरे माप फ्री व्हीलच्या आट्यांचे. इंग्लिश पद्धतीत व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. फ्रेंच आणि इटालियन हबांचे आटे इतके जवळचे असतात की जोर लावला तर चढल्यासारखे वाटतात आणि मग दोन्ही भागांचे आटे जातात. चौथे माप आसाच्या जाडीचे. इंग्लिश आस ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. युरोपातला दहा मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पाचवे, चकतीचा व्यास, कारण त्यावर आऱ्यांची लांबी ठरते. आणि या सर्वांच्या मागे रिमचे माप: जुनी २७ इंची रिम आणि हल्लीची सातशे नंबरची रिम यांत टायर बसण्याच्या जागी आठ मिलिमीटरांचा फरक, ६३० आणि ६२२. तेव्हा तयार नवे चाक आणून बसवण्याचा मार्गही सरळ नव्हता.

वही घेऊन शोध सुरू झाला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे गंजलेल्या कुलपांपासून घड्याळांच्या सांगाड्यांपर्यंत काय नसते! यजमानांना गर्दीत नेणे शक्य नव्हते. मी आणि भाचा जात असू आणि दिसेल त्या हबचे छायाचित्र त्यांना पाठवत असू. घरून फोन येई, “भोके मोज. नुसते बघू नकोस, मोज.” चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर एवढा अधिकार त्यांनी क्वचितच गाजवला असेल, आणि त्या दिवसांत मला त्याचा राग आला नाही.

एका दुकानदाराकडे धुळीच्या खोक्यात स्टर्मे-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब मिळाला. या हबच्या पोटातच गिअर असतात. नॉटिंगहॅमच्या या कंपनीचा एडब्ल्यू नावाचा हब १९३६मध्ये निघाला आणि पुढे कित्येक दशके जगभर चालला. त्याच्या अंगावर बनावटीचे वर्ष कोरलेले असते, ते वाचण्यात यजमानांचा एक अख्खा दुपारचा वेळ आनंदात गेला. भोके बरोबर चाळीस. परंतु त्याचा गिअर बदलणारी बारीक साखळी आसाच्या उजव्या टोकातून बाहेर येते, आणि स्टँडची वाटी नेमके तेच टोक आवळते. साखळी चिरडली गेली असती. तो हब परत गेला. एका ऑनलाइन विक्रेत्याने चाळीस भोकांचा म्हणून छत्तीस भोकांचा हब पाठवला, तोही परत. परदेशातून मिळू शकणाऱ्या जुन्या जोडीची किंमत ऐकून यजमान स्वतःच म्हणाले, “एवढ्यात चार औषधांची बिले भागतील.”

दोन महिने असे गेले. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, बाबांना उगाच आशा लावू नकोस. ती सायकल भंगारात दे आणि त्यांना मशीनवर बसव.” त्याच्या बोलण्यात निष्ठुरपणा नव्हता, दूर राहणाऱ्या मुलाला प्रत्येक गोष्टीत पडण्याचेच चित्र दिसते. त्याला एवढेच सांगितले की बाबा सध्या रोज दीड तास टेबलाशी बसून मापे, चित्रे आणि हिशेब करीत आहेत. पूर्वी ते भिंतीकडे तोंड करून पडून असत.

उत्तर सापडले ते अगदी जवळ. आमच्याकडे दूध घालणारे गवळीदादा अजून काळ्या, दांडीच्या, उभ्या हँडलच्या सायकलवरून येतात. एके दिवशी सकाळी त्यांची सायकल फाटकाशी उभी होती आणि यजमान खुर्चीतून त्या चाकाकडे टक लावून बघत होते. मग मला म्हणाले, “आरे मोज.” मी मोजले. पुढे बत्तीस, मागे चाळीस. इंग्रजांनी आपल्याकडे आणलेली घडण आपल्या साध्या सायकलींनी तशीच सांभाळली होती. इंग्लंडात जो आकडा दुर्मीळ झाला, तो लुधियानाच्या कारखान्यांतून आपल्याकडे अजूनही साध्या पोलादी हबच्या रूपाने येतो, आणि फ्री व्हीलचे आटेही तेच इंग्लिश पद्धतीचे. पेठेतल्या दुकानात तो कागदात गुंडाळलेला पडून होता. मागणी दूधवाल्यांची आणि पाववाल्यांची. शर्यतीच्या सायकलसाठी कोणी मागत नाही, म्हणून आम्हांलाही कोणी दाखवला नव्हता.

त्यात एक अडचण होती. साध्या सायकलच्या हबवर एकच फ्री व्हील बसते आणि तो हब रुंदीला कमी असतो. पाच गिअर लावायचे तर पुष्कळ खटपट करावी लागणार होती. मिस्त्रींनी दोन्ही मार्ग समजावून सांगितले आणि निर्णय यजमानांवर सोडला. मी गप्प बसले. हा निर्णय त्यांचाच होता. त्यांनी जुने गिअर हातात घेऊन थोडा वेळ दाते चाचपले आणि म्हणाले, “स्टँडवर घाट कुठला यायला? एकच दाता ठेवा.” ते गिअर आता ग्रीस लावून, कागदात बांधून त्यांच्या कपाटात आहेत.

काम आठवडाभर चालले. लांब आस घालून दोन्ही बाजूंना वायसर देऊन रुंदी १२० मिलिमीटरवर आणली. वायसर कोणत्या बाजूला किती, हे पुढच्या दात्यांच्या रेषेवरून ठरले, म्हणजे साखळी तिरकी ओढली जाऊ नये. नव्या हबची चकती लहान होती, म्हणून आरे लांब घ्यावे लागले. जुने चाळीसही आरे निकामी. साखळीही बदलली, कारण गिअरची साखळी अरुंद असते आणि साध्या फ्री व्हीलचा दाता १/८ इंच रुंद. शेवटी मिस्त्रींनी चाक चिमट्यात धरून आउट काढला. यजमान शेजारी स्टुलावर बसून रिम कुठे घासते ते सांगत होते. मिस्त्री प्रत्येक वेळी “बरोबर काका” म्हणत आरा पावफेरा फिरवीत. त्यांना स्वतःलाही दिसत होतेच. तरी त्यांनी विचारणे सोडले नाही. रुग्णाशी कसे वागावे हे कोणी शिकवले नसताना त्यांना ते ठाऊक होते.

सायकल घरी आली तरी चालवण्यापूर्वी आणखी चार गोष्टी कराव्या लागल्या, आणि कोणी आपल्या घरी असा विचार करीत असेल तर या गोष्टी हबपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. कंपवातात शरीर आधीच पुढे वाकते. खाली वळलेल्या हँडलने ते अधिक वाकले असते, म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून सरळ, उंच हँडल बसवले. त्याचा दांडा वर ओढताना तो सांगाड्याच्या नळीत किमान अडीच इंच आत राहील हे पाहिले. पायडलवरचे पाय अडकवायचे जुने पट्टे काढून रुंद, सपाट पायडल लावले. तिसरी अडचण दांडीची. ताठरलेला पाय त्या उंच दांडीवरून पलीकडे टाकणे हाच सर्वांत धोक्याचा क्षण. म्हणून सायकल भिंतीला लागून ठेवली, भिंतीत लोखंडी कठडा पक्का केला, आणि चढण्यासाठी रुंद, न हलणारी लाकडी पायरी करून घेतली. चढताना आणि उतरताना मी किंवा मदतनीस बाई शेजारी असतेच. उतरल्यावर पाय खिळतात, हे नायमेगेनच्या हकीकतीने आधीच सांगितले होते. म्हणून पायरीपासून खुर्चीपर्यंत जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी ओलांडण्याचा इशारा मिळाला की खिळलेले पाऊल पुष्कळदा सुटते.

चौथी गोष्ट वेळेची. औषधाचा असर चांगला असतो तेव्हाच सायकल. आमच्याकडे ती वेळ सकाळच्या गोळीनंतर साधारण तासाभराने येते. या रुग्णांचा रक्तदाब उभे राहताच उतरू शकतो, म्हणून बसण्यापूर्वी आणि उतरल्यावर थोडे थांबून, पाणी पिऊन मगच चालणे. चालवताना बोलता आले पाहिजे; धाप इतकी नको की वाक्य तुटेल. छातीत दुखले, भोवळ आली, तर तत्काळ थांबायचे. आपल्या रुग्णासाठी ही मर्यादा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवी. हृदयविकार, गुडघ्याची शस्त्रक्रिया, तोल अधिक गेलेला असणे, अशा परिस्थितीत वेगळे उत्तर मिळेल आणि ते मानावे. ज्यांना दांडीवरून पाय टाकणे जमणारच नाही, त्यांनी खालून बसण्याचे यंत्रच घ्यावे. आमच्याकडचे यंत्र आता शेजारच्या आजींकडे आहे आणि त्या नियमाने वापरतात.

पहिल्या दिवशी यजमानांनी सहा मिनिटे चालवली. आज ते आठवड्यातून चार दिवस, वीस ते पंचवीस मिनिटे चालवतात. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर पायडल मोजतात. आजार थांबला आहे असे मी म्हणणार नाही. गोळ्यांची संख्या कमी झालेली नाही, चौकटीशी पाय अजूनही खिळतात, आणि काही दिवस असे येतात की सायकलकडे ते पाहतही नाहीत. त्या दिवशी आम्ही आग्रह धरीत नाही. परंतु उतरल्यानंतरचा तास त्यांचा बरा जातो. पाय हलके वाटतात, आवाज मोठा निघतो, आणि जेवताना ते आपण होऊन बोलतात. महिन्यातून एकदा ते हबच्या कोनाची ढिलाई तपासतात: चाक बाजूला हलवून पाहायचे, खुळखुळ नको आणि आवळलेलेही नको. त्यासाठी पाना अजून त्यांच्याच हातात असतो. शेवटचा जोर भाचा लावतो.

आपल्याही घरी जिन्याखाली, माळ्यावर एखादी जुनी सायकल असेल. तिचा हब शोधायचा झाला तर आधी मोडलेला भाग नेमका कोणता ते पाहा. पुष्कळदा छर्रे आणि कोन बदलून भागते. मग आऱ्यांची भोके, खाचांमधले अंतर, आटे, आसाची जाडी आणि चकतीचा व्यास अशी पाच मापे वहीत लिहा आणि जुना हब बरोबर घेऊनच दुकानात जा. मोठ्या दुकानांच्या आधी दूधवाल्यांच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना विचारा. आणि शक्य असेल तर हे मोजमाप घरातल्या त्या वृद्ध माणसाकडूनच करून घ्या, हळू होईल, चार वेळा होईल, तरी.

सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगते. आपण रुग्णासाठी पुष्कळ करतो: गोळ्या, पथ्य, मालिश, डॉक्टरांच्या फेऱ्या. या सगळ्यात तो माणूस घेणाराच राहतो. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी एका प्रश्नाचे उत्तर केवळ त्यांनाच ठाऊक होते आणि आम्ही सगळे त्यांना विचारत होतो. दूधवाल्याच्या सायकलचे आरे मोजायचे त्यांनाच सुचले. हब मिळाला नसता तर सायकल फिरली नसती हे खरे, आणि मला वाईटही वाटले असते. परंतु ते दोन महिने तरीही वाया गेले असे मी म्हटले नसते. गेल्या आठवड्यात पुढच्या चाकातून बारीक आवाज येऊ लागला आहे. तिथले छर्रे ३/१६ इंची, बाजूला दहा, असे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे, आणि बुधवारी भाच्याला जुन्या बाजारात जायचे आहे.